ओबामा नशिबाने जिंकले का?

प्रश्न: २००८ ची अमेरिकेची निवडणूक एवढी ऐतिहासिक का म्हणतात? पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष हे माहितीये, पण ओबामा नशिबाने वर आले असं वाटतं. खरंय का?

उत्तर: नशीब होतंच हो, पण आधी आपटलेत किती ते बघा ना. वडील केनियाचे, आई कॅन्ससची, जन्म होनोलुलूचा, लहानपणीची काही वर्षं जकार्तात, आणि २००० साली काँग्रेसची (म्हणजे अमेरिकी संसदेची) प्रायमरी, म्हणजे उमेदवारीसाठीची पक्षांतर्गत निवडणूक, तिथले खासदार बॉबी रश यांच्याकडून सपाटून हरले. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाला लॉस एंजेलिसला गेले तर गाडी भाड्याने घेताना क्रेडिट कार्डच चालेना आणि मेन हॉलचा पासही मिळाला नाही! चारच वर्षांनी बोस्टनच्या अधिवेशनात मुख्य भाषण त्यांचं, तेव्हा ते फक्त इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते.

पण मला विचाराल तर २००८ चे त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांची गोष्टही काही कमी नाही, उलट लोक ती विसरतात. जन्म पनामा कालव्याच्या पट्ट्यातला, १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धात हनोईवर त्यांचं विमान पाडलं गेलं, साडेपाच वर्षं कैदेत, वडील मोठे नौदल अधिकारी म्हणून व्हिएतनामी त्यांना लवकर सोडायला तयार होते तर हा माणूस म्हणाला आधी माझ्या आधी पकडलेल्यांना सोडा. २००७ च्या उन्हाळ्यात तर त्यांच्या प्रचाराचे पैसेच संपत आले होते, सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं होतं, तरी तिकीट मिळवलंच.

पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटनना हरवणं हे ओबामांचं खरं अवघड काम होतं. नोव्हेंबरचा मॅकेनविरुद्धचा निकाल मग ३६५ विरुद्ध १७३ इलेक्टोरल मतं (राज्यवार ठरणारी प्रतिनिधी-मतं), त्यात त्या वर्षीच्या आर्थिक संकटात बुडालेल्या बँकांचाही हात होताच.