तिच्या मुलाची बातमी मला आधी कळली

ताई, माझा मुलगा अग्निवीर म्हणून नौदलात लागला. ओडिशात चिल्क्याचं ट्रेनिंग झालं, आता जामनगरला वलसुरा या नौदलाच्या ट्रेनिंग सेंटरात इलेक्ट्रिकलचा कोर्स चालू आहे. चिल्क्याच्या परेडला सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे आम्ही काही आईबाप भेटलो आणि तिथंच व्हॉट्सॲप ग्रुप केला. त्यातल्या एकीशी माझं बहिणीसारखं जमलं. आमची मुलं एकाच कोर्सला आहेत. गेल्या रविवारी मुलगा फोनवर म्हणाला, तिचा मुलगा परीक्षेत राहिला, त्याला मागून येणाऱ्या बॅचमध्ये टाकलंय, "पण आई, कुणाला बोलू नकोस." ती ग्रुपवर आठवडाभर गप्प आहे. तेवढ्यात दुसऱ्या कुणी आपल्या मुलाचे मार्क टाकले आणि सगळ्यांनी अभिनंदन केलं. ग्रुपवर एक रिटायर्ड हवालदार आहेत, कुणी काळजीचं लिहिलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "फौजींचे आईबाप आहात, रडू नका." आमचे हे म्हणतात, त्या ग्रुपमधून बाहेर पड, डोक्याला ताप नुसता. मी तिला फोन करू का? काय बोलू? आणि खरं सांगते, तिच्या मुलाचं कळल्यावर पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं माझा पास झाला. त्याची लाज वाटते.
– एक आई, कराड

ताई,

फोन करा, आजच करा. पण मुलानं सांगितलेलं मात्र बोलू नका, आडून आडूनही नाही.

त्या पोरानं घरी सांगितलंय की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. तो लागला तेव्हा पेढे वाटले असतील, चौकात फ्लेक्सही लागला असेल. एवढं सगळं झाल्यावर "आई, मी राहिलो" हे म्हणायला अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दोन-तीन रविवार सहज लागतात. ती गप्प आहे ती कदाचित वेगळ्याच कारणानं असेल. घरात कुणी आजारी असेल, ऊसतोडीची गडबड असेल. तुम्ही "कळलं मला, फार वाईट वाटलं" म्हणालात आणि तिला काहीच माहीत नसलं, तर पोटच्या पोराची बातमी दुसऱ्याकडून कळली हे ती कधी विसरणार नाही. आणि ते फिरून बराकीत पोचणारच. मग तुमच्या मुलाजवळ कुणी मनातलं बोलणार नाही. त्यानं विश्वासानं सांगितलंय, तो विश्वास सांभाळा.

फोनवर एवढंच म्हणा, "बरेच दिवस तुमचा आवाज ऐकला नाही, म्हणून केला." मग तिला बोलू द्या. ती पावसावर बोलली तर तुम्हीही पावसावर बोला. तिनं स्वतःहून मुलाचं काढलं, तर पुरतं ऐकून घ्या आणि लगेच "होईल सगळं नीट" म्हणू नका. त्या घडीला तिला ते खोटं वाटेल.

मग तिला एक गोष्ट नीट समजावून सांगता येईल. बॅच मागे जाणं म्हणजे घरी पाठवणं नव्हे. ट्रेनिंगमध्ये कामगिरी समाधानकारक नसेल तर अनसूटेबल, म्हणजे नोकरीला अयोग्य ठरवून काढून टाकण्याचा नियम आहे, हे खरं, पण ती वेगळी गोष्ट. तिच्या मुलाला तोच अभ्यास पुन्हा करायची संधी मिळाली आहे. आणि अभ्यास काही सोपा नाही. वलसुरा १९४२ साली टॉर्पेडोचं शिक्षण देण्यासाठी सुरू झालं. आज नौदलातलं वीज, इलेक्ट्रॉनिक्स आणि शस्त्रयंत्रणांचं शिक्षण तिथं मिळतं. मराठी माध्यमातून बारावी केलेला मुलगा चिल्क्याला पोहणं, ड्रिल, धावणं सगळं निभावून येतो आणि इथं सर्किटच्या आकृत्यांपुढे अडकतो. यात त्याची हिंमत कमी पडली असं मुळीच नाही.

तुमच्या मुलालाही एक काम सांगा. त्यानं मित्राला म्हणावं, घरी सांगून टाक, आणि डिव्हिजनल ऑफिसरना भेट. नौदलात प्रत्येक नौसैनिक कुठल्या तरी डिव्हिजनल ऑफिसरच्या हाताखाली असतो. अभ्यासाची अडचण, घरची अडचण, रजा, सगळं त्याच्यापुढं मांडायचं असतं. पोरं संकोचानं जात नाहीत. मित्रानं सोबत केली तर जातील.

आता त्या लाजेबद्दल. तुम्ही ते लिहिलंत म्हणून मला या पत्राला लगेच उत्तर द्यावंसं वाटलं. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हापासून या घरांमध्ये एक हिशोब शिरला आहे. चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर बॅचमधली फार तर २५ टक्के मुलं कायम होणार. चारांतला एक. ग्रुपवरच्या प्रत्येक आईच्या मनात हा आकडा आहे, बोलत कुणी नाही. दुसऱ्याचं पोर मागे पडलं की मन आपोआप मोजायला लागतं. त्यानं तुम्ही वाईट ठरत नाही. पण ते मोजणंच चुकीचं आहे, हे मात्र बघा. चिल्क्याहून २०२३ च्या मार्चमध्ये अग्निवीरांची पहिली बॅच बाहेर पडली, ती सुमारे २,६०० जणांची होती, त्यात २७० हून अधिक मुली. एवढ्यांतून निवड व्हायची, तीही चार वर्षांच्या कामावरून. एका मैत्रिणीचा मुलगा मागे राहिल्यानं तुमच्या मुलाची जागा पक्की होत नाही.

उलट विचार करा. चारांतली तीन मुलं बाविशी-पंचविशीत घरी परतणार. हातात सेवा निधीचे, म्हणजे चार वर्षं संपल्यावर मिळणाऱ्या एकरकमी रकमेचे, दहा लाखांच्या वर पैसे असतील. तेव्हा जमीन घ्या, अमुक स्कीममध्ये टाका, मी नोकरी लावतो असं म्हणणारे दारात उभे राहतील. त्या वेळी कोण खरं बोलतंय, कुठं भरती निघाली आहे, कुणाच्या मुलाला कुठं काम मिळालं हे सांगायला हेच आईबाप लागणार आहेत. त्यासाठी हा ग्रुप टिकायला हवा. मिस्टरांचं ऐकून बाहेर पडू नका.

मार्क टाकणं मात्र थांबवायला हवं, आणि ते तुम्हीच लिहा. साधं लिहा: "मुलांचे मार्क आणि निकाल इथं नको, ज्याचं त्याला सांगू दे." कुणाचं नाव घेऊ नका. त्याच्या जोडीला आणखी एक नियम करा. युनिफॉर्ममधला फोटो, सर्व्हिस नंबर, कुठल्या यंत्रावर शिकतोय, पुढं कुठलं जहाज मिळालं, ते कधी निघणार, यातलं काही ग्रुपवर नको. २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात काही नौसैनिक पकडले गेले आणि त्या डिसेंबरात नौदलानं तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं. पोरांवर जी शिस्त आहे ती आपणही पाळू या.

आणि "तुमच्या मुलाला अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा" असा फोन कुणाला आला, तर फोन ठेवायचा. मुलाकडून ट्रेनिंगच्या ठिकाणचा ऑफिसचा नंबर आधीच वहीत लिहून घ्यायचा आणि त्यावर खात्री करायची. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करायची. हे ग्रुपवर सगळ्यांना कळवा, ग्रुपचा खरा उपयोग असा करायचा असतो.

हवालदारसाहेबांवर रागावू नका. आपल्या साताऱ्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, मिलिटरी हे त्याच्या नावालाच जोडलं गेलंय. त्या वळणाच्या माणसांना काळजी बोलून दाखवायची सवय नसते. त्यांना रजा, रेल्वे प्रवासाचं वॉरंट, कागदपत्रं यांबद्दल विचारा, ते मनापासून सांगतील. आणि ग्रुपवरच्या बापांना त्यांनी अधूनमधून फोन करावा, अशी विनंती करा. बाप मंडळी लिहीत नाहीत, पण दुसऱ्या बापाशी फोनवर बोलतात. तुमच्या मिस्टरांपासूनच सुरुवात करायला सांगा. येत्या रविवारी मुलाचा फोन आला की तो आधी त्यांच्या हातात द्या. मुलगा त्यांच्याशी दोन मिनिटंच बोलेल, पण मग "डोक्याला ताप" म्हणणं जरा कमी होईल, असं मला वाटतं.

तुमच्या मैत्रिणीनं आज फोन उचलला नाही, तर तासाभरानं परत लावू नका. दोन दिवसांनी लावा, आणि तेव्हाही उचलला नाही तर "जेवलात का?" एवढाच मेसेज टाका.