सुतळीवरचा खान्देश

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. शाळेतून ‘खान्देशची टाइमलाइन’ करून आणायला सांगितलीय. माझा भाऊ पुण्याला नोकरीत, त्याच्या तोंडी सारखं ‘टाइमलाइन पाळायचीय’ असतं. मोबाइलवर आणखी वेगळीच. सर, हा शब्द एक आहे की तीन? – एक वाचक, ता. रावेर

उत्तर : ताई, शब्द एकच, कामं तीन. भावाची टाइमलाइन म्हणजे मुदत आणि मुदतीपर्यंतचे टप्पे. तुमच्या केळीच्या बागेत ती रोजचीच आहे. मृगबाग लावली की निसवण, म्हणजे केळफूल बाहेर पडणं, कधी, घड कापायला कधी येणार, हे तुम्ही बोटांवर मोजता. थंडी लांबली की निसवणही लांबते आणि पुढचं सगळं सरकतं. मोबाइलवरचं नाव फेसबुकनं २०११ मध्ये रुजवलं. तिथं ताजं वर, जुनं खाली. दोन नोंदींत दिवस गेला की वर्ष, ते नजरेला कळत नाही.

मुलीला करायचीय ती कालरेषा. तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून कळकळीनं सांगतो. मुलं पुठ्ठ्यावर रेघ मारून सारख्या अंतरावर आठ टिकल्या लावतात, खाली सन लिहितात. ती सनावळी झाली. कालरेषेत अंतर म्हणजेच काळ. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शिक्षकानं १७६५ मध्ये सुमारे दोन हजार जणांच्या आयुष्यांचा तक्ता छापला. त्यात जेवढं आयुष्य, तेवढी लांब रेघ.

मी वर्गात सुतळी बांधायचो. एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष. पहिली गाठ १३८२ ची, थाळनेरला फारुकी सुलतानांची स्वतंत्र सत्ता. दुसरी १६०१, अकबरानं फारुकींचा असीरगड घेतला. मग १८१८, इंग्रज. १९०६ ला खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९३६ चं फैजपूर काँग्रेस अधिवेशन आणि १९४२ चं नंदुरबारच्या पंधरा वर्षांच्या शिरीषकुमारचं बलिदान यांच्यात फक्त सहा सेंटीमीटर. एका मुलीनं तिथं तीन बोटं ठेवली आणि म्हणाली, “सर, म्हणजे फैजपूरच्या वेळी शिरीषकुमार आमच्यापेक्षा लहान होता!” पुस्तकात दोन धडे वेगळे असल्यानं हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

तिच्या मागच्या बाकावरचा मुलगा दुसऱ्याच जागी थांबला. १६०१ ते १८१८ या दोन मीटर सतरा सेंटीमीटरमध्ये एकही गाठ नव्हती. “इतकी वर्षं इथं काहीच झालं नाही?” मोगलांचा सुभा, मग मराठे, एवढं सगळं त्यात होतं. मीच गाठी मारल्या नव्हत्या. पुढचा आठवडाभर आम्ही तेवढाच काळ शिकलो.

तेव्हा मुलीला साडेसहा मीटर सुतळी आणि मोजपट्टी द्या. १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला, त्याच्या आसपास तुमच्या जन्माची, लग्नाची गाठही मारू द्या. भिंत पुरली नाही तर सुतळी कोपऱ्यातून वळवा, पण मधली रिकामी सुतळी कापू नका.