आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे, मुंबईत प्रॅक्टिस आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून ब्रिटनमध्ये व्हिसासह नोकरी कशी मिळेल?

नोकरी नंतर, आधी तिथल्या एचसीपीसीची, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी. आरसीआयचा नंबर तिथे चालत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे पदनाम तिकडे कायद्याने राखीव आहे. खरा वेळ जातो तो अभ्यासक्रमाच्या आणि प्रत्यक्ष कामाच्या तासांच्या कागदांत. मला सिलॅबसच्या पानापानावर शिक्के घ्यायला विद्यापीठात तीन खेपा पडल्या. एम.फिल.चे तुमचे सर किंवा मॅडम निवृत्त होण्याआधी त्यांच्याकडून तासांचा तपशील सहीनिशी घेऊन ठेवाच. मग एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, नोकरीच्या जाहिराती बघा. संस्थेकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला व्हिसावर नोकरीत घेण्याचा परवाना) आहे का, ते ब्रिटिश सरकारच्या जाहीर यादीत तपासता येतं. आणि अंधेरीतला कुणी एजंट स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचे (व्हिसासाठी नोकरी देणारी संस्था देते त्या प्रमाणपत्राचे) पैसे मागत असेल, तर सरळ उठून या. तो खर्च नोकरी देणाऱ्यानेच करायचा असतो.