रुबेलाचा आयजीजी पॉझिटिव्ह आला, पण आकडा जावेपेक्षा कमी

बाळाचा विचार सुरू केलेल्या जोडप्यांकडून मला हमखास विचारलं जातं, "रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, मला रुबेला झालाय का?" रुबेला म्हणजे जर्मन गोवर, विषाणूमुळे होणारा आजार. एका ताईंनी तर रिपोर्टवरच्या 'पॉझिटिव्ह'खाली पेनने दोनदा रेघ ओढून आणली होती. आयजीजी ३४, आयजीएम निगेटिव्ह.

आयजीएम आणि आयजीजी या विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी. आयजीएम साधारणपणे ताज्या संसर्गात वाढतं. आयजीजी मागे राहतं, पूर्वीच्या आजाराची किंवा लसीची खूण म्हणून. म्हणजे हा रिपोर्ट चांगला होता. तसं सांगितल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात जाऊबाईंचा रिपोर्ट होता, आयजीजी १८०. जाऊबाईंना लहानपणी रुबेला झालेला, यांनी शाळेत लस घेतलेली. "मॅडम, त्यांची प्रतिकारशक्ती माझ्या पाचपट आहे का? मी आणखी एक डोस घेऊ?"

खरी भीती ही होती. प्रत्यक्ष आजारात अँटीबॉडी बहुधा जास्त तयार होतात, लसीतला विषाणू कमजोर केलेला असल्याने थोड्या कमी. पण बहुतेक लॅब १० आययू प्रति मिलिलिटर ही संरक्षणाची रेषा धरतात. ती ओलांडली की ३४ काय आणि १८० काय, पुढचा सल्ला बदलत नाही. शिवाय दोन लॅबचे किट वेगळे असतील तर आकड्यांची तुलनाच करू नये. रक्तातल्या अँटीबॉडी हळूहळू कमी झाल्या तरी स्मृतिपेशी विषाणूला ओळखतात, आणि रुबेलाचा सीरोटाइप (अँटीबॉडींना ओळखू येणारा विषाणूचा प्रकार) एकच असल्याने तो फ्लूसारखा दरवर्षी रूप बदलून चकवत नाही. वेगळ्या डोसची गरज नव्हती.

"मग आजार होऊन गेलेला बराच की!" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं. जाऊबाईंना तो लहानपणी झाला म्हणून निभावलं. गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत झाला, तर बाळाला इजा होण्याचा धोका ९० टक्क्यांपर्यंत जातो: मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष. नवजात बाळांच्या मोतीबिंदूचा आईच्या रुबेलाशी असलेला संबंध ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिला. जास्त आकड्यासाठी ही जोखीम कुणीही घेऊ नये.

आयजीजी निगेटिव्ह असेल तर लस गर्भधारणेआधी घ्यावी आणि त्यानंतर किमान एक महिना थांबावं. गरोदरपणात ही लस देत नाहीत. पण लस घेतल्यावर दिवस गेल्याचं कळलं, म्हणून घाबरून गर्भपाताचा निर्णय कृपया घेऊ नका. केवळ त्या कारणासाठी तसा सल्ला दिला जात नाही. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी तेच, कारण ते कधीकधी खोटंही असतं. आयजीजी ॲव्हिडिटीसारख्या (अँटीबॉडी विषाणूला किती घट्ट चिकटतात हे पाहणाऱ्या) तपासणीतून संसर्ग जुना की नवा याचा अंदाज येतो, म्हणून आधी डॉक्टरांना भेटा.

या ताईंना तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवायला सांगितला. दर महिन्याला पुन्हा तपासण्याची गरज नव्हती. फॉलिक ॲसिड मात्र त्यांनी अजून सुरूच केलं नव्हतं. रोज ४०० मायक्रोग्रॅमची ती गोळी दिवस जाण्याआधीपासूनच हवी असते. उरलेला वेळ आम्ही त्यावर बोललो.