कासच्या फुलांसाठी एफडी मोडू का?

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५१, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक, पगार हातात ५८ हजार. यजमान दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहितात, त्यांचं कधी ६ हजार, कधी २० हजार, सरासरी १४ हजार धरा. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ताईंना पावसाळी रानफुलांचे फोटो काढायचा नाद आहे. २०१५ साली घेतलेला, २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि सोबत मिळालेली साधी लेन्स यांवर आजवर भागवलं. आता दुकानदाराने फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी लेन्स मिळून २ लाख ८७ हजारांचं कोटेशन दिलंय. त्या विचारतात, ४ लाखांची एफडी मोडू, की बारा महिन्यांचा 'नो कॉस्ट' हप्ता घेऊ? शेवटी एक ओळ आहे: "गेल्या वर्षी कॅलेंडर काढलं, ६० प्रती खपल्या. म्हणजे दोन-तीन वर्षांत पैसे वसूल होतील ना?"

ताई, आधी त्या शेवटच्या ओळीचंच बघू. कॅलेंडर २०० रुपयांना विकलंत आणि छपाईला १२० लागले, हे तुम्हीच लिहिलंय. एका प्रतीमागे ८० रुपये, ६० प्रतींचे ४,८००. या वेगाने २ लाख ८७ हजार वसूल व्हायला जवळपास साठ वर्षं लागतील. तुमच्या आयुष्याला उदंड शुभेच्छा, पण हा हिशोब सोडून द्या. स्टॉक फोटोच्या संकेतस्थळांवरही एका डाउनलोडमागे बहुतेक वेळा चिल्लरच हाती पडते, आणि फुलांचे फोटो तिथे ढिगाने पडलेले असतात.

तुमचं मन मोडायला हे लिहीत नाही. उलट माझा अनुभव असा की छंदाला 'गुंतवणूक' म्हटलं की माणूस ऐपतीबाहेर जातो. खर्च म्हणा, सरळ खर्च. माझ्या घरी २०११ सालचा एक कीबोर्ड आहे, 'मुलांच्या भविष्यातली गुंतवणूक' म्हणून आणलेला. सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात.

आता घरचा ताळेबंद. तुमचे ५८ आणि यजमानांचे सरासरी १४ मिळून ७२ हजार येतात. जातात ते असे: घराचा हप्ता साडेचौदा, एसआयपी ५, घरखर्च २७, आणि मुलाची फी-वसतिगृह वर्षाला २ लाख १० हजार म्हणजे महिन्याला साडेसतरा. बेरीज ६४ हजार. उरतात ८ हजार.

नो कॉस्ट हप्त्याचा प्रश्न इथेच मिटला. २ लाख ८७ हजार भागिले बारा म्हणजे २३,९०० च्या पुढे. उरणाऱ्या ८ हजारांतून तो भरणार कसा? आणि 'नो कॉस्ट' तरी कितपत? रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती बहुतेक वेळा इथे मिळत नाही, बँक प्रोसेसिंग फी लावते, आणि बँक आतल्या आत धरते त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी येतो तो वेगळा. एखाद-दोन महिने हप्ता चुकून ती रक्कम क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत गेली, तर व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जातं. ती वाट नकोच.

एफडीचं जरा वेगळं आहे. मुदतीआधी मोडली तर दंड पडेल ही तुमची भीती, पण तुम्ही दिलेल्या दरांवर मी गणित मांडलं तर नुकसान साधारण ६ हजार येतं. तेवढ्याने कुणी बुडत नाही. माझी हरकत दुसरीच आहे. तुमचा महिन्याचा खर्च ६४ हजार, सहा महिन्यांचा ३ लाख ८४ हजार. म्हणजे ती ४ लाखांची ठेव हाच तुमचा अडीअडचणीचा निधी, दुसरा नाही. यजमानांचं उत्पन्न हेलकावे खाणारं, मुलाचं शिक्षण अर्ध्यात, आणि तुम्ही २००७ ला नोकरीत लागलात, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या. जुन्या पेन्शनवर निवांत बसलेल्या सहकाऱ्यांशी तुलना करू नका. एफडीला हात नको, एसआयपीही थांबवू नका.

मग कॅमेरा? इथे मी फोटोग्राफीच्या गोष्टीत नाक खुपसतो, कारण या प्रश्नाचं अर्धं उत्तर पैशात नाहीच. तुम्ही लिहिलंय की ओढ मोठ्या देखाव्याची नाही, बारीक फुलांची आहे: सीतेची आसवं, दवबिंदू, कंदीलपुष्प. सीतेच्या आसवांचं फूल नखाएवढं. अशा फुलाचा जवळून फोटो काढताना जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा भाग स्पष्ट येतो, म्हणून जास्त भाग स्पष्ट यावा यासाठी लेन्सचं छिद्र लहान करावंच लागतं. पार्श्वभूमी मऊ धूसर करण्याचा फुल फ्रेमचा जो दिमाख, तो तिथे फारसा कामाला येत नाही. उलट डीएसएलआरला बसणारी तशीच मॅक्रो लेन्स तुमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर लावली तर फूल चौकटीत जास्त मोठं भरतं. बारीक फुलांसाठी तुमच्याकडे बॉडी आहे, नाही ती लेन्स. आणि कासच्या पठारावरच्या वाऱ्यात देठ हलत असेल तर कुठलाही सेन्सर काही करू शकत नाही. छत्री आडवी धरणारा माणूस लागतो. यजमानांना न्या.

दुकानदार नव्या मिररलेसकडे ढकलणार, ते त्याचं काम. पण लोक तिकडे वळल्यामुळेच डीएसएलआरच्या जुन्या लेन्स बऱ्याच उतरल्या आहेत. मी पुण्यात दोन ठिकाणी विचारलं. चांगल्या स्थितीतली ९० किंवा १०० मिलिमीटरची वापरलेली मॅक्रो २२ ते ३० हजारांत मिळेल असं कळलं. तुमच्या बचत खात्यात महागाई भत्त्याच्या फरकाचे ३८ हजार पडून आहेत. त्यातून लेन्स घ्या, उरलेल्यात जमिनीलगत बसणारा छोटा ट्रायपॉड आणि झाकणाचा हवाबंद डबा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. साताऱ्याच्या पावसाळी दमटपणात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि ती साफ करून घ्यायचा खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

हे यंदाच्या ऑगस्टअखेरीच्या आत व्हावं. पठार फुलतं ते ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, हंगाम हुकला तर वर्ष गेलं. एका बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. पुण्या-मुंबईची माणसं गाडी, मुक्काम, जेवण धरून एका सहलीला हजारो रुपये घालवतात आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत अडकतात. तुम्ही यवतेश्वरच्या घाटाने कामाच्या दिवशी सकाळी स्कूटरवर जाऊन येऊ शकता, आणि कंटाळा आला तर चाळकेवाडीचं पठार आहेच. छंदाचा चालू खर्च इतका कमी असणं ही मोठी गोष्ट आहे.

नव्या बॉडीचं म्हणाल तर मुलाची दोन वर्षं संपू द्या. मग महिन्याचे साडेसतरा हजार मोकळे होतील. तोवर त्या ८ हजारांतले ४ हजार आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्के धरले तर २४ महिन्यांत १ लाख २ हजारांच्या आसपास जमतील, आणि आज दुकानदार दाखवतोय तेच मॉडेल तोपर्यंत उतरलेलं असेल. उरलेले ४ हजार खात्यात राहू द्या. यजमानांच्या ६ हजारांच्या महिन्यात ते लागणार आहेत. लेन्स आधी आणि बॉडी नंतर या क्रमाला आणखी एक कारण आहे: लेन्सची किंमत उतरली तरी बॉडीइतकी झपाट्याने उतरत नाही. मिररलेस घेतानाही त्याच कंपनीची घेतलीत तर अडॅप्टर लावून ही लेन्स बहुधा चालेल, पण ते दुकानातच लावून बघा.

"२०२४ ला बोरिवलीला बहिणीकडे होते, राष्ट्रीय उद्यानात कारवी फुललेली होती आणि माझ्याकडे नीट लेन्स नव्हती," ही तुमची हळहळ मला पोचली. तिथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, त्याआधी २०१६ ला फुलली होती, आता २०३२. घाई करण्यामागे ही रुखरुख असेल तर सांगतो, कारवीचं झुडूप माणसाच्या उंचीचं, तिला मॅक्रो लागतच नाही. बहिणीच्या फोनवरचे फोटो मागवा, चांगलेच असतील. शिवाय ठिकठिकाणच्या कारवीचं चक्र वेगवेगळ्या वर्षी येतं, तेव्हा २०३२ पर्यंत थांबायचीही गरज नाही.

यजमान "या वयात कशाला?" म्हणतात ते मात्र मला पटलं नाही. ३८ हजारांचा हा खर्च तुमच्या घराला पेलतो, आणि तो तुमच्या पगाराच्या फरकातून होतोय. त्यांना हे पत्र दाखवा हवं तर.

जुनी लेन्स घेताना स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. ऑटोफोकस चालतो का ते लावून बघा, मग लेन्स काढून मागच्या बाजूने टॉर्च मारा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर भाव कितीही कमी असो, पर्स उघडू नका.