बाटचा हिशेब आणि तुमची सही

*पत्र: यजमान ६२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, पेन्शन महिना ४८ हजार. मी ५८, कधी नोकरी केली नाही. फोंड्याजवळ १९९६ साली जागा घेऊन आम्ही घर बांधलं. मुलगा बंगळुरूला. गेल्या डिसेंबरात थायलंडला गेलो, चार दिवस चियांग माईला राहिलो आणि तेव्हापासून यांनी एकच धोशा लावलाय: गोवा आता परवडत नाही, घर विकू, तिकडेच जाऊन राहू. तीस हजार बाटात नवरा-बायको मजेत राहतात, असले व्हिडिओ रोज दाखवतात. घराला सव्वा कोटीचं गिऱ्हाईक आलंय. मुखत्यारपत्र तयार करून आणलंय, त्यावर माझी सही हवी. मला दमा आहे, आई डिचोलीत एकटी असते. नको म्हटलं की मी हट्टी. काय करू? – फोंड्याहून एक वाचक*

ताई, आधी त्या कागदाचं बघू, बाकीचं सावकाश.

सही करू नका. लग्नाआधी नोटरीसमोर मालमत्तेचा वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला हा नियम आजही इथं लागू आहे. तुम्ही कधी नोकरी केली नाही म्हणून घर त्यांचं होत नाही. जागेच्या कागदावर एकट्या त्यांचं नाव असलं तरी अर्धं घर तुमचं आहे आणि विक्रीखतावर तुमची सही लागते. म्हणूनच तर मुखत्यारपत्र हवंय. आपल्याकडची जुनी माणसं ज्याला प्रोकुरासांव म्हणतात, तो हाच कागद. सर्वाधिकार देणाऱ्या प्रोकुरासांववर सही झाली की उपनिबंधकासमोर तुमच्या वतीनं तेच उभे राहणार, तुम्हाला कुणी विचारणारसुद्धा नाही. भांडण करायची गरज नाही. "विकायचं ठरलं तर मी स्वतः येऊन सही करीन, मुखत्यारपत्र कशाला?" एवढं म्हणा. याला त्यांच्याकडे उत्तर नसेल.

आता त्यांचं म्हणणं. ते मूर्खपणाचं नाही, पण अर्धवट आहे. व्हिडिओत स्वस्ताई सांगणारा माणूस डॉलर किंवा पौंडात पेन्शन घेतो. त्याला थायलंड स्वस्तच. तुमच्या घरात पेन्शन येते रुपयांत. बाट पूर्वी दोन-सव्वादोन रुपयांना पडायचा आणि जुन्या व्हिडिओंतले हिशेब त्या काळचे आहेत. आज पावणेतीन रुपये धरा. दोघांसाठी साधा फ्लॅट १२ हजार बाट, वीज-पाणी-इंटरनेट ३ हजार, खाणंपिणं १४ हजार, फिरणं आणि फोन ४ हजार. झाले ३३ हजार बाट, म्हणजे ९० हजार रुपयांच्या वर. पेन्शन ४८ हजार. उरलेले दरमहा ४०-४२ हजार घर विकून आलेल्या पैशातून जाणार. विमा, व्हिसा, विमानाची तिकिटं यात धरलेलीच नाहीत. विजेचाही एक चटका आहे. मीटर घरमालकाच्या हातात असेल तर युनिटला सरकारी दराच्या दीडपट-दुप्पट लावतात. करार करताना युनिटचा दर लिहून घेतला नाही, तर एसीच्या महिन्यात भलतंच फुगलेलं बिल हातात पडतं. शिवाय सुरुवातीलाच दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं.

व्हिसाचं प्रकरण व्हिडिओत दोन मिनिटांत संपतं, पण खरी मेख तिथंच आहे. पन्नाशीवरच्या माणसाला निवृत्तीच्या कारणावर वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाट दाखवावे लागतात किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न. ६५ हजार बाट म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या वर, तेव्हा तो रस्ता तुमच्यासाठी बंद. उरले ८ लाख बाट, म्हणजे २२ लाख रुपये. आधी ९० दिवसांचा नॉन-इमिग्रंट 'ओ' व्हिसा, मग खातं. नुसत्या पर्यटकाला तिथल्या बँका सहसा दारातूनच परत पाठवतात. अर्जाआधी दोन महिने पूर्ण रक्कम खात्यात पडून हवी, मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने तिला हात लावायचा नाही, पुढेही ती ४ लाखांच्या खाली जाता कामा नये आणि पुढच्या अर्जाआधी पुन्हा ८ लाख. हा पैसा खर्च होत नाही हे खरं, पण तो अडकून पडतो. इथं सात टक्क्यांच्या ठेवीत याच २२ लाखांचं वर्षाला दीड लाखाच्या वर व्याज येतं, तिथल्या बचत खात्यात जवळपास काहीच नाही. भारतातूनच 'ओ-ए' हा निवृत्तीचा व्हिसा घेऊन जायचं ठरलं तर ३० लाख बाटचा आरोग्य विमाही दाखवावा लागतो.

पैसे पाठवतानाही कळ आहे. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापते. २२ लाख एकदम पाठवले तर २ लाख ४० हजार कापले जातील. रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण तोवर अडकले. दहा लाख मार्चमध्ये, दहा एप्रिलमध्ये आणि उरलेले तुमच्या नावानं पाठवले, तर काहीच कापलं जात नाही. यजमान बँकेतले, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

पण त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: "तुमच्या व्हिसावर मी अवलंबून म्हणून आले आणि तुमचं काही बरंवाईट झालं, तर मी तिथं कोण?" उत्तर कडू आहे. आश्रित पत्नीचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो, तो गेला की तिचाही आधार जातो. बँकेला कळलं की त्यांच्या एकट्याच्या नावावरचं खातं गोठतं आणि थाई कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय पैसा निघत नाही. म्हणजे परक्या भाषेच्या देशात, हातात पैसे नसताना, एकट्या तुम्ही. इलाज आहेत, पण ते जायच्या आधीच करायचे. तुम्ही पन्नाशी ओलांडलेली आहे, तेव्हा तुमच्या नावावर स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र मुदतवाढ मिळू शकते (आणखी २२ लाख!). शिवाय थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं तिथलं मृत्युपत्र. या दोन गोष्टींना ते तयार नसतील, तर दोघांनी कायमचं जाण्याची गोष्टच नको.

तब्येतीचं तर आणखी कठीण. आपल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतातल्या उपचारांचेच पैसे देतात आणि गोवा सरकारचं दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड असलं तर त्याचाही तिथं उपयोग नाही. या वयात नवा थाई विमा घेताना आधीचे आजार सहसा वगळतात, म्हणजे तुमचा दमा बाहेर. आणि दमेकऱ्यानं चियांग माई निवडावं याहून वाईट निवड नाही. फेब्रुवारी ते एप्रिल तिथं शेतातला पालापाचोळा जाळतात, आसपासचं जंगलही पेटतं, शहर डोंगरांच्या खोलगटात, धूर हलत नाही. डिसेंबरात दिसलेला डोंगर मार्चमध्ये दिसतसुद्धा नाही, खिडक्या बंद करून घरात हवा गाळायचं यंत्र लावून बसावं लागतं. तिथं कायम राहणारे, ज्यांना जमतं ते, त्या दोन-तीन महिन्यांत दक्षिणेला समुद्रकाठी पळतात, म्हणजे दुसरं भाडं.

कटकटी थोडक्यात. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा (१५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत, चुकलं तर २ हजार बाट दंड). नवीन जागी राहायला गेलात की घरमालकानं २४ तासांत कळवायचं, त्याची पावती मागून घ्यायची, नाहीतर पुढचे अर्ज अडतात. निवृत्तीच्या व्हिसावर कसलंही काम करायचं नाही, ओळखीच्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसणंही नाही. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, फ्लॅट होतो. आणि जिथं आपल्या लोकांचा हमखास घोटाळा होईल ती गोष्ट: चवथीला गोव्याला यायचं झालं तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढायचं, एका फेरीचं हजार बाट, कितीही फेऱ्यांचं ३,८००. ते न काढता विमानात बसलात की वर्षाची मुदतवाढ तिथंच संपली. गणपतीवर माटोळी बांधून परत जाल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

इथली बाजूही बदलते. कायमचं गेलात की बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं. त्यातल्या ठेवींच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो, टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक जो फॉर्म देतात तो चालत नाही. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले करदाते ठरता आणि बाहेरून आणलेल्या कमाईवर कर लागू शकतो. १ जानेवारी २०२४ आधीची बचत मात्र त्यातून सुटते, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. यजमानांची एक बाजू इथं खरी आहे: अनिवासी झाल्यावर घर विकलं तर टीडीएस खूप जास्त कापतात, इंडेक्सेशनचा (महागाई धरून नफा मोजण्याचा) पर्यायही राहत नाही. पण त्यासाठी घाईनं आत्ताच घर विकायचं, हे गणित चुकीचं.

मग करायचं काय? तीन महिने जाऊन राहा, घर न विकता. फक्त डिसेंबरात जाऊ नका, सगळा देश तेव्हा गोड दिसतो. मे-जूनमध्ये जा, उकाडा आणि पाऊस दोन्ही कळतील. चियांग माई सोडून हुआ हिनसारखं समुद्रकाठचं शांत गाव बघा. पर्यटक म्हणून भारतीयांना किती दिवस राहता येतं हा नियम बदलत राहतो, तिकीट काढण्याआधी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाकडे खात्री करा. महिन्याच्या भाड्यानं घर घ्या, घरी जेवण करा, बाजार तुम्ही करा, आणि खर्च यजमानांनी रोज रुपयांत लिहायचा, बाटांत नाही. भात, नारळ, मासळी सगळं मिळेल, फिश करीत तुम्हाला घरचीच ओळख वाटेल. सोमवारी शिवराक (शाकाहारी) जेवत असाल तर सावध: भाजीच्या साध्या परतण्यातही माशाचा सॉस असतो. "जे" म्हणून मागायचं, पिवळ्या फलकावर लाल अक्षर असलेली गाडी शोधायची. सोलं (आमसुलं) मात्र इथूनच न्या.

आईची सोय त्या तीन महिन्यांसाठी कुणीतरी रात्री सोबतीला राहील अशी बघा, नुसत्या फोनवर भिस्त नको. मे महिन्यात निघण्याआधी घर शाकारून घ्या, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कुणी खिडक्या उघडून हवा खेळवील एवढं बघा, नाहीतर आल्यावर कपाटांना बुरशी आणि चौकटींना वाळवी. राखणीच्या नावाखाली कुणाला आत राहायला देऊ नका.

आणि परत आल्यावर यजमान म्हणाले की दर वर्षी दोन-तीन महिने तिकडे जाऊ, तर हो म्हणा. तेवढं त्यांच्या पेन्शनमध्ये आणि ठेवींच्या व्याजात बसतं. सव्वा कोटीचं गिऱ्हाईक घाई करत असेल तर करू दे. फोंड्याला घरांची गिऱ्हाइकं पुढच्या वर्षीही येतील.