३५ टक्के अनुदान, पण आधी बँक

नवी योजना छापून आली की लगेच गावात बैठक लावू नका. आधी मूळ मार्गदर्शक सूचना वाचा, अर्ज अजून घेतात का ते बघा. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, पीएमएफएमईचंच घ्या. ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे आणि हातात रोख येत नाही. २० लाखांची मसाला कांडप गिरणी घेतली, तर किमान २ लाख स्वतःचे, १८ लाख कर्ज. पूर्ण २० लाखांवरचं ७ लाख अनुदान बँकेत ३ वर्षं राहतं. हप्ते वेळेवर आणि गिरणी चालू, तरच ते कर्जात वळतं होतं. जागेची किंमत यात धरू नका. प्रस्ताव अडतात ते बहुधा बँकेत, म्हणून कोटेशन गोळा करण्याआधी अर्जदाराचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तपासा. जुनं थकलेलं पीककर्ज तिथेच दिसतं.